उमेदवाराची बायको, उमेदवाराचा नवरा: काय करायचं, काय टाळायचं

२००७ साली आमचे हे, गावाचे आबा, जिल्हा परिषदेला पहिल्यांदा उभे राहिले आणि ६१ मतांनी पडले. मोजणीच्या दिवशी गावनिहाय आकडे येत गेले. कालव्याच्या टोकाच्या एका गावात आम्ही दीडशेची आघाडी धरून बसलो होतो, तिथं उलट चाळीसनं मागं पडलो. यांना धक्का बसला. मला बसला नाही. प्रचाराच्या दिवसांत त्याच गावच्या पिठाच्या गिरणीवर एक बाई मला म्हणाली होती, "वहिनी, आबा धाकल्याच्या घरी साखरपुड्याला आले. थोरल्याच्या घरी मयत झालं तवा कामून आले नाहीत?" थोरल्याचं ते घर सव्वीस मतांचं. भावकी धरली तर शंभराच्या पुढं.

मी घरी येऊन हे सांगितलंच नाही. बैठकीत चहाचा ट्रे नेऊन ठेवायचा आणि पदर सावरत मागं फिरायचं, एवढंच तेव्हा येत होतं. विचारलंही नव्हतं कुणी.

पुढं २०१२ ला हे निवडून आले. २०१७ ला आमचा गट, म्हणजे जिल्हा परिषदेचा मतदारसंघ, महिलेसाठी सुटला आणि मीच उभी राहिले. म्हणजे दोनदा मी उमेदवाराची बायको होते आणि एकदा माझ्या घरात उमेदवाराचा नवरा होता. आता ओळखीपाळखीत कुणाचं तिकीट पक्कं झालं की घरातली बाई, हल्ली कधी कधी घरातला बाप्याही, फोन करतो: मी काय करू? सगळ्यांना तेच तेच सांगून तोंड दुखलं म्हणून लिहून काढतेय. गटाचं नाव लिहीत नाही. परभणी जिल्हा, एवढं पुरे. अजून तिथंच राहायचंय.

आधी कपाट उघडा

जोडीदाराचं पहिलं काम कागदाचं आहे, आणि ते प्रचाराच्या कितीतरी आधी सुरू होतं.

उमेदवाराच्या शपथपत्रात त्याची एकट्याची मालमत्ता नसते. जोडीदाराची आणि अवलंबून असलेल्या मुलांचीही लिहावी लागते: जमीन, घर, बँकेतली शिल्लक, गाडी, सोनं आणि कर्जसुद्धा. सर्वोच्च न्यायालयाच्या २००२ च्या निकालापासून ही रीत आली. २०१८ च्या निकालानंतर तर विधानसभा-लोकसभेच्या उमेदवाराला जोडीदाराचं उत्पन्न कुठून येतं तेही सांगावं लागतं. हे शपथपत्र कुणालाही पाहता येतं आणि विरोधक ते चष्मा लावून वाचतात.

२०१२ ला अर्ज भरायच्या आदल्या रात्री अकरा वाजता यांनी विचारलं, "तुझ्याकडं सोनं किती गं?" मी म्हणाले, साडेसहा तोळे. खरे होते नऊ. आईनं जाताना दिलेल्या अडीच तोळ्यांच्या पाटल्या मी गव्हाच्या कोठीत ठेवल्या होत्या, त्या यांना माहीत नव्हत्या. भाचीच्या लग्नाला बचत गटातून उचललेले वीस हजारही माहीत नव्हते. मग मलाच राहवेना, सांगून टाकलं. रात्री बारा वाजता आमच्या घरात काय झालं ते लिहीत नाही. सकाळी मात्र नऊ तोळे आणि वीस हजारांचं कर्ज, दोन्ही शपथपत्रात गेलं. सोनारालाही भावकी असते आणि बचत गटाच्या अध्यक्षबाईला दीर असतात. तिकीट मिळायच्या महिनाभर आधीच एकदा दोघांनी दार लावून बसा आणि सगळं सांगून मोकळं व्हा.

जोडीदाराच्या नावावर ठेकेदारी असेल आणि जिल्हा परिषदेचंच काम चालू असेल, किंवा गोठ्याचा कोपरा गायरानात घुसला असेल, तर अर्जाआधी वकिलाकडं जा. घरातल्या माणसाच्या अतिक्रमणावरून ग्रामपंचायतीचं सदस्यपद जाऊ शकतं, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१८ सालीच म्हटलंय. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरं अपत्य झालं असेल तर पंचायतीची निवडणूकच लढता येत नाही. ते काही सांगायला नको. दोघांना माहीत असतं आणि गावालाही.

आता राखीव जागेचं. आमचा गट २०१७ ला ओबीसी महिलेसाठी सुटला तेव्हा बैठकीतले सगळे म्हणाले, आबांचा दाखला आहेच की. मी म्हणाले, आबांचा आहे, माझा कुठाय? जात लग्नानं बदलत नाही, ती बापाकडून येते. सुनेचा दाखला तिच्या माहेरच्या कागदांवर निघतो, आणि ओबीसीसाठी १३ ऑक्टोबर १९६७ च्या आधीचा पुरावा लागतो. माझं माहेर जालना जिल्ह्यात. वडिलांच्या शाळेतला १९५४ चा प्रवेश निर्गम उतारा सापडला, तर त्यात आडनावच नाही, नुसतं नाव आणि बापाचं नाव. माझ्या टीसीवर माहेरचं नाव, आधारवर सासरचं. ही दोन्ही नावं एकाच बाईची, हे सांगणारा कागद वेगळाच. आमचं लग्न १९८९ चं, त्याची नोंदणी कोण करत बसलं होतं?

हे सगळं यांनी निस्तरलं. पाच वेळा माझ्या माहेरच्या तालुक्याला गेले, शाळेच्या व्हरांड्यात बाबूची वाट पाहत बाकड्यावर बसले, सेतू केंद्रात रांगा लावल्या, पडताळणी समितीकडं अर्ज टाकून पोच घेतली. वैधता प्रमाणपत्र हातात नसेल तर ती पोच अर्जाला जोडावी लागते आणि निवडून आल्यावर मुदतीत प्रमाणपत्र द्यावं लागतं, नाहीतर पद जातं. माझ्या निवडणुकीत यांनी केलेलं सगळ्यात मोठं काम ते. त्याचा एकही फोटो नाही.

डमी अर्ज बहुतेक जोडीदाराचाच असतो. छाननीत मुख्य अर्ज उडाला तर घरातलं कुणीतरी असावं म्हणून. भरताना सगळे हजर असतात, काढताना कुणी नसतं. शेजारच्या गणात, म्हणजे पंचायत समितीच्या मतदारसंघात, एका उमेदवाराची बायको माघारीच्या दिवशी नवस फेडायला गेली, दुपारचे तीन वाजून गेले आणि तिचं नाव यादीत राहिलं. तिला १०० च्या वर मतं पडली. नवरा ७० नं पडला. त्या घरात अजून त्या देवाचं नाव काढत नाहीत.

आणि जोडीदार सरकारी नोकरीत असेल, जिल्हा परिषदेच्या शाळेवर असेल, तर घरीच बसा. शाळा सुटल्यावर दोन गल्ल्या फिरले तर काय होतं, असं माझ्या शिक्षक असलेल्या चुलत जावेलाही वाटलं होतं. नोटीस आली. विधानसभा-लोकसभेला सरकारी नोकर पोलिंग एजंटसुद्धा होऊ शकत नाही. व्हॉट्सॲपचं स्टेटसही प्रचारातच धरतात, आणि स्क्रीनशॉट काढणारे तुमच्याच ग्रुपमध्ये असतात.

माहेरची वही

खरं काम इथून पुढं.

जिल्हा परिषदेच्या एका गटात पंचायत समितीचे दोन गण. आमच्या गटात सत्तावीस गावं. पुरुष माणसं गाव मोजतात ते घराण्यानं: या गावात आपली भावकी इतकी, त्यांची इतकी, मधले तितके. हिशेब बरोबर असतो, पण त्यात एक गोष्ट धरलेली नसते. प्रत्येक घरातल्या सुना बाहेरून आलेल्या असतात. त्यांचं माहेर कुठलं, त्यांची बहीण कुठं दिलीय, नणंदेशी त्यांचं पटतं का, हे बैठकीतल्या एकालाही सांगता येत नाही.

२०१२ ला मी शंभर पानी वही आणली. प्रत्येक गावाला समोरासमोरची दोन पानं. डाव्या पानावर त्या गावात दिलेल्या आमच्या गावच्या लेकी, उजव्या पानावर त्या गावातून आमच्याकडं आलेल्या सुना. माहिती सांगितली सासूबाईंनी. तेव्हा त्या बहात्तर वर्षांच्या. रोज दुपारी ओसरीवर बसून सुपारी कातरायच्या आणि एकेक गाव घ्यायच्या. "ती बघ, सुताराची मधली. तिला वरच्या गल्लीत दिलीय. तिचा नवरा त्यांच्याकडला हाय, पण ती माझ्या शब्दाबाहेर नाही. तिच्या बाळंतपणाला मी गेले होते." अडकित्त्याचा आवाज थांबला की समजायचं, हे नाव पक्कं. कातरत कातरत सांगितलं तर मी पुढं प्रश्नचिन्ह टाकायचे. आठ दिवसांत ११४ नावं झाली.

कोणत्याही गावात पाऊल टाकायच्या आधी त्या गावातल्या आपल्या लेकीला निरोप द्या आणि तिलाच पुढं घालून फिरा. तुमच्या सोबत गाडीभर बायका आणल्यात तर गावातल्या बायका लुगड्याचा रंग बघतात, तुमचं ऐकत नाहीत. गावचीच सासुरवाशीण सोबत असली तर दार पूर्ण उघडतं. पण तिच्या घरचे विरुद्ध पार्टीत असतील तर तिला फिरवू नका. संध्याकाळी तुम्ही निघून जाता, तिला तिथंच राहायचं असतं. तिच्याकडं नुसतं पाणी प्यायला जा.

वेळ सांभाळा. आमच्याकडं या निवडणुका फेब्रुवारीत झाल्या, तेव्हा हरभरा काढणीला, ज्वारी उभी. सकाळी दहाला प्रचाराला निघालेली बाई कुलपांना हात जोडून येते. सकाळी सात ते नऊ, नाहीतर दिवेलागणीनंतर. मधल्या वेळात शेतात जा. २०१७ ला माझा निम्मा प्रचार तुरीच्या खळ्यावर झाला. त्या साली तूर बक्कळ पिकली होती. हमीभाव ५०५० रुपये आणि व्यापारी मागत होते त्याच्या कितीतरी खाली. बायका रस्ता, नाली काही विचारत नव्हत्या. एकच: "बाई, तूर घ्यायचं केंद्र कवा उघडतंय?" मला माहीत नव्हतं. "विचारून सांगते" म्हणाले आणि तिसऱ्या दिवशी माणूस पाठवून तारीख कळवली. एवढंच करा. जोडीदारानं वचन द्यायचं नाही. सभामंडप, बोअर, मुलाला नोकरी, यातलं काहीही तुमच्या तोंडून निघालं तर ते उमेदवाराच्या नावावर लिहिलं जातं आणि पाच वर्षं वसूल केलं जातं.

ऊसतोडीला गेलेली घरं वहीत वेगळी लिहा. फेब्रुवारीत ती माणसं पश्चिम महाराष्ट्रात नाहीतर कर्नाटकात फडावर असतात. कार्यकर्ते सांगतात, आणू त्यांना. येतील तितकी खरी. हिशेबात धरू नका.

"तुम्ही काय परके हायेत का?"

"मत देणार ना?" असं कुणाला विचारू नये. आमच्या भागात तोंडावर नाही म्हणत नाहीत, पाहुण्याला नाही म्हणणं वाईट दिसतं. त्यामुळं शब्दावर जाऊ नका.

"तुम्ही काय परके हायेत का, सांगायला कशाला पायजे?" असं दाराच्या चौकटीला हात लावून, उंबऱ्याच्या आत उभं राहून म्हटलं तर ते घर गेलं. "बघू की, अजून टाइम हाय" म्हणजे शब्द दुसरीकडं दिलाय. घरातला बाप्या आत आहे, त्याच्या चपला दिसतायत, आणि तो बाहेर येत नाही, तर त्यानं पैसे घेतलेत किंवा त्याला तुमची लाज वाटतेय. दोन्हींचा अर्थ एकच. ओटी भरली म्हणून हुरळून जाऊ नका, ओटी सगळ्यांचीच भरतात. मात्र जी बाई तोंडावर भांडते, "मागच्या टायमाला आले, परत तोंड दाखवलं नाही, आता बरे आले," तिच्याकडं बसकण मारा. तिला राग काढायचाय, आणि परक्यावर कुणी राग काढत नाही. माझ्या वहीत भांडलेल्या बायकांच्या नावापुढं टिंब होतं. निकालानंतर बघितलं तर टिंबाची बहुतेक घरं आमची निघाली.

शपथ घालू नका. भंडारा उचलायला लावणं, तुळशीवर हात ठेवायला लावणं, हे आपल्याकडं अजून चालतं. देवाचा कोप होईल असं भासवून मत मागणं १९५१ च्या लोकप्रतिनिधित्व कायद्यात भ्रष्ट मार्ग धरलंय. आणि कायदा सोडा, शपथ घातलेली बाई घरी जाऊन आधी तुम्हालाच शिव्या देते.

दिवसभरात जे ऐकलं ते त्याच रात्री उमेदवाराला सांगायचं. याची वेळ ठरवून घ्या. आमची साडेदहाची होती, बैठक उठल्यावर. मी तीनच गोष्टी सांगायचे: कुठं बिनसलंय, कशावरून बिनसलंय, आणि कुणी गेलं तर सुटेल. कुणी सांगितलं ते नाव कधीच सांगितलं नाही. उमेदवाराच्या पोटात रात्री गेलेलं नाव सकाळी कार्यकर्त्याच्या तोंडून बाहेर पडतं.

पहिल्याच रात्री मी कालव्याच्या टोकाचं गाव काढलं. पाच वर्षं पोटात ठेवलेलं ते गिरणीवरचं वाक्य सांगितलं. हे बराच वेळ गप्प. मग म्हणाले, "तू तेव्हा का नाही बोललीस?" मी म्हणाले, "तुम्ही तेव्हा का नाही विचारलं?" दुसऱ्या दिवशी पहाटे सहाला हे एकटेच मोटारसायकलवर गेले. गाडी नाही, गमजे नाहीत. थोरला म्हातारा अंगणात दात घासत होता. हे जाऊन बाजेवर बसले आणि म्हणाले, "उशीर झाला." म्हाताऱ्यानं चूळ भरली, सुनेला आवाज दिला, "च्या ठेव." मयताचं नाव दोघांनीही काढलं नाही, मताचंही नाही. त्या गावानं आम्हाला ८८ ची आघाडी दिली.

वाण, साड्या, जेवणावळी

संक्रांतीपासून रथसप्तमीपर्यंत हळदीकुंकू, आणि आमच्या निवडणुका नेमक्या त्याच सुमाराला. प्रत्येक कार्यकर्त्याला हीच युक्ती सुचते: वहिनींच्या हातून वाण वाटू. २०१२ ला तालुक्याहून एका हितचिंतकानं स्टीलच्या पाचशे वाट्या पाठवल्या. पोती अंगणात उतरली, वरची वाटी काढून बघितली तर बुडाला चिन्हाचं स्टिकर. मी पोत्याचं तोंड दाभणानं शिवलं आणि त्याच टेम्पोत परत पाठवलं. आचारसंहितेत वस्तू वाटणं म्हणजे लाच. तेव्हा भारतीय दंड विधानात होतं, आता भारतीय न्याय संहितेच्या १७० व्या कलमात आहे. देणारा हात बायकोचा असला म्हणून उमेदवार सुटत नाही. यांनी चार दिवस तोंड फुगवलं. पाचव्या दिवशी दुसऱ्या एका उमेदवाराच्या घरी भरारी पथक साड्या मोजायला बसलं, तेव्हा तोंड उतरलं. तुम्हाला बोलावतील तिथं हळदीकुंकवाला जरूर जा, पण रिकाम्या हातानं जा आणि कुंकू लावून या.

खर्चाची वही जोडीदारानंच ठेवावी. उमेदवारासमोर कार्यकर्ता "डिझेल टाकलं, असू द्या आबा" म्हणतो आणि पैसे नेतो. वहिनीसमोर त्याला बिल काढावं लागतं. चहा, नाश्ता, जेवण, मांडव, गाडी, प्रत्येकाचे दर निवडणूक कार्यालय ठरवून देतं आणि तुमच्या दारात किती ताटं उठली ते त्या दरानं खर्चात धरतं. रोजचं रोज लिहा, निकालानंतर ३० दिवसांत हिशेब द्यायचा असतो. विधानसभेची मर्यादा २०२२ पासून ४० लाख आहे. ऐकायला मोठी वाटते. मांडवाचं बिल बघितलं की वाटत नाही.

माझी निवडणूक तर नोटबंदीनंतर तीन महिन्यांनी आली. बचत खात्यातून आठवड्याला २४ हजारांच्या वर काढता येत नव्हते. कार्यकर्त्यांना मटण नाही, बेसन-भाकरी आणि ठेचा. पहाटे चारला चूल पेटायची, दोघी जावा आणि मी मिळून शंभर भाकरी. तोंडं वाकडी झाली, पण तो हिशेब आमचा सगळ्यात स्वच्छ राहिला. पैसेच नव्हते.

माईक कुणाच्या हातात

बायकोनं भाषण करावं का? करावं, चार मिनिटं. विरोधकाचं नाव घेऊ नये, नवऱ्याचं कौतुक करू नये. ते लोकांना खरं वाटत नाही आणि सासरच्या बायकांना तर मुळीच नाही. मी २०१२ ला एवढंच सांगायचे की आमच्या घरी कुणीही रात्री अपरात्री आलं तर दार मी उघडते, तेव्हा मला ओळखून ठेवा. त्याला टाळ्या पडायच्या, कारण ते खरं होतं.

नवऱ्याचं अवघड. २०१७ ला पहिल्या कॉर्नर सभेत माझा नंबर आलाच नाही. हे पंचवीस मिनिटं बोलले: मी हे करणार, मी ते आणणार. मी बाजूला खुर्चीवर डोक्यावर पदर घेऊन. फ्लेक्सवर यांचा फोटो माझ्या दुप्पट. मागच्या बाजूला लिंबाखाली बसलेल्या एका म्हातारीनं मोठ्यानं विचारलं, "माय, उभं कोण राहिलंय?" सगळी सभा हसली. हेही हसले, पण रात्री वहीच्या वेळेला काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी फ्लेक्सवाल्याला यांनीच फोन केला. त्या दिवसापासून मी आधी बोलायची, हे शेवटी दोन मिनिटं आभार मानायचे. उमेदवाराच्या नवऱ्याला एकच नियम सांगते: उमेदवाराच्या फोनवर "बोला, मीच बोलतोय" म्हणू नका. फोन तिच्या हातात द्या. ती भाकरी थापत असेल तर कानाला लावा.

नवऱ्यानं करायची कामं भरपूर आहेत. रुसलेले मामा-मावसभाऊ गोळा करणं, बूथवरचे एजंट ठरवणं, त्यांचे अर्ज भरणं, रात्रीच्या पिणाऱ्यांना घरी पोचवणं. यातल्या कशालाच माईक लागत नाही.

मोठ्या घरांतही जोडीदार नुसता हात हलवायला नसतो. २०१४ च्या मे महिन्यात अशोक चव्हाण नांदेडमधून लोकसभेला निवडून आले आणि त्याच वर्षी भोकरमधून अमिता चव्हाण विधानसभेला. २०२४ ला धाराशिव लोकसभेत आमदार राणाजगजितसिंह पाटलांच्या पत्नी अर्चना पाटील उभ्या राहिल्या आणि ओमराजे निंबाळकरांकडून पडल्या. नवऱ्याची मतं बायकोला जशीच्या तशी मिळतात असं मानणारे आमच्या तालुक्यातही बरेच आहेत. कधी मिळतात, कधी नाही. आणि कन्नडला २०२४ च्या विधानसभेत संजना जाधव आणि हर्षवर्धन जाधव, एकेकाळी एका घरात नांदलेले, समोरासमोर लढले. संजनाताई जिंकल्या. त्यावर आमच्याकडच्या ओसरीवर महिनाभर चर्चा चालली होती.

घरातलं बाहेर पडतंच. २०१२ ला आमच्याबद्दल उठवलं होतं की आबांचं बायकोशी पटत नाही, ती माहेरी निघून गेलीय. कार्यकर्ते म्हणाले, खुलासा करा. मी म्हणाले, रविवारी माझ्यासोबत बाजारात चला. लग्नाला तेवीस वर्षं झाली होती, हे कधी पिशवी धरून बाजारात आले नव्हते. मेथीच्या जुडीचा भाव विचारला आणि सांगितला त्याहून दोन रुपये जास्तच देऊन आले. भाजीवाल्या अजून चिडवतात. वावडी मात्र त्या बाजारात मेली.

एक अलीकडचं. २०२३ च्या ऑक्टोबरात आरक्षणाच्या आंदोलनात मराठवाड्यात गावोगाव पुढाऱ्यांना गावबंदीचे फलक लागले. तेव्हा एका बाईनं मला विचारलं, नवऱ्याला बंदी आहे, मी जाऊ का? जाऊ नका. फलकावर तुमचं नाव नसलं तरी तो तुमच्यासाठीच आहे. त्या गावच्या लेकीला फोन करा, तिच्या पोराचा ताप उतरला का विचारा, आणि ठेवून द्या.

मतदानाचा दिवस

आदल्या दिवशी प्रचार संपलेला असतो, तेव्हा तुम्हीही संपवा. मतदान केंद्राच्या १०० मीटरच्या आत कुणाला हात जोडू नका, चिन्हाचा बिल्ला लावून रांगेत उभं राहू नका. मतदारांना गाडीत घालून आणणं हाही भ्रष्ट मार्गच आहे, तेव्हा घरची जीप चावीसकट कपाटात. सकाळी लवकर जाऊन मत द्या, एजंटांचे डबे पोचले का बघा.

दुपारी दोनला वही काढा. एजंटाकडून कोण आलं, कोण नाही, ते कळतं. मी फोन लावायला बसायचे: "अगं, जेवलीस का? मतदान केलंस का?" या क्रमानं. २०१७ ला चारच्या सुमाराला ११४ पैकी २६ नावं राहिली होती, साडेपाचला नऊ. त्यातल्या तिघी बाळंतीण होत्या.

मी ४१२ मतांनी निवडून आले. गुलाल, हलगी, देवीचं दर्शन, सगळं रीतीप्रमाणं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी मी वही घेऊन बसले, आधी कुठं जायचं ते ठरवत. पडलेल्या गावांपासून सुरुवात करायची होती. मग दळण संपलेलं लक्षात आलं म्हणून डबा घेऊन गिरणीवर गेले. फोन घरीच राहिला. जावेनं नंतर सांगितलं, फोन वाजला, पलीकडून कुणीतरी म्हणालं, "सदस्यसाहेब आहेत का?" यांनी घसा खाकरला आणि म्हणाले, "त्या दळणाला गेल्यात. आल्या की सांगतो."